फ्रीझरमधला खाऊ: ट्रेनिंगला कोणता, शांत बसायला कोणता

आलेला प्रश्न थोडक्यात असा: ७ महिन्यांचा, १२ किलोचा देशी नर, नाव गुंड्या. विकतच्या ट्रीटवर महिन्याला बराच पैसा जातो, त्यात काय काय घालतात तेही नीट कळत नाही. म्हणून गुंड्याच्या मालकांनी घरीच दह्याचे आणि चिकनच्या पाण्याचे तुकडे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ट्रेनिंगला वापरायला सुरुवात केली. गुंड्याला ते प्रचंड आवडतात. पण 'बस' म्हटल्यावर बसतो, तुकडा घेतो, कोपऱ्यात नेऊन पंजात धरतो आणि चाटत राहतो. दोन-तीन मिनिटं हाक मारली तरी मान वर करत नाही. खाऊ बदलायचा की शिकवायची पद्धत? केलेला खाऊ फ्रीझरमध्ये किती दिवस टिकतो? आणि आई शाकाहारी आहे, चिकन तिच्या फ्रीझरमध्ये नको म्हणते, तर शाकाहारी काही जमेल का?

गुंड्याचं काहीच चुकलेलं नाही, आणि बहुतेक तुमची पद्धतही बरोबर असावी. चुकतोय तो खाऊ, म्हणजे तो हातात येतो तेव्हाची त्याची अवस्था. कुत्र्यांना शिकवायचं काम मी १७ वर्षं करतेय आणि दर उन्हाळ्यात हीच तक्रार किमान चार-पाच घरांतून येते.

ट्रेनिंगचा खाऊ तोंडात गेला की एक-दोन सेकंदांत गिळून संपायला हवा. कुत्र्याने बरोबर काही केलं की लगेच खाऊ, तो गिळला की नजर परत आपल्याकडे, की पुढची आज्ञा. या लयीत एका मिनिटात आठ-दहा वेळा 'बस' करून घेता येतं, आणि एवढ्या वेळा झालं तरच ते डोक्यात पक्कं बसतं. बर्फाचा मोठा तुकडा दिलात की ती लय पहिल्याच घासाला मोडते. गुंड्याच्या बाजूने पाहिलंत तर त्याला 'बस' केल्याबद्दल एक काम मिळालं, आणि तो ते मन लावून करतोय. तुम्ही मागून हाका मारत राहता आणि तो त्या कानाआड करायला शिकतो, हा आणखी वेगळा तोटा.

दुसरी गोष्ट वासाची. थंड पदार्थाचा वास कमी सुटतो. आपल्याकडे काल केलेली आमटी फ्रीजमधून काढली की मुकी असते आणि गरम केली की घरभर होते, तसंच. कुत्रा खाऊची किंमत जिभेपेक्षा नाकाने जास्त ठरवतो. घराच्या हॉलमध्ये गोठलेल्या दह्यावर काम भागेल, पण सोसायटीच्या गेटपाशी, समोर मांजर असताना, बिनवासाच्या बर्फासाठी तो तुमच्याकडे का वळेल?

तिसरी गोष्ट दातांची. ७ महिन्यांच्या कुत्र्याचे दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात आलेले असतात. वरच्या जबड्यातली फाडायची मोठी दाढ कडक वस्तू चावताना उभी चिरते, आणि ती गेली की परत येत नाही. घट्ट गोठलेला चौकोनी बर्फ, प्राण्यांची हाडं, शिंगं या सगळ्यात हा धोका आहे. माझी परीक्षा सोपी आहे: अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर तो तुकडा चावायला द्यायचा नाही.

तेव्हा फ्रीझर वापराच, पण दोन वेगळ्या कामांसाठी आणि दोन वेगळ्या डब्यांत. एका डब्यात ट्रेनिंगचा खाऊ, तो फक्त टिकावा म्हणून गोठवायचा आणि मऊ झाल्यावर द्यायचा. दुसऱ्या डब्यात गोठलेलाच द्यायचा असा चाटायचा खाऊ, तो कुत्र्याला एका जागी शांत बसायला शिकवण्यासाठी. तुमचे दह्याचे तुकडे या दुसऱ्या डब्यातले आहेत, ते टाकून देऊ नका. पहिल्या डब्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेहनत तिथे आहे.

मी ट्रेनिंगसाठी चिकनची वाफवलेली वडी करते. कोथिंबीर वडी येत असेल तर हीही येईल. ४०० ग्रॅम हाडं आणि कातडी काढलेलं चिकन, १०० ग्रॅम चिकनची कलेजी, १ अंडं आणि ६० ग्रॅम नाचणीचं पीठ. मीठ नाही, हळद-मीठ लावून ठेवायचं नाही, आलं-लसणाचं वाटण तर मुळीच नाही. दुकानातून मसाला लावलेलं चिकन आणू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि त्यातही लसूण कांद्यापेक्षा तीव्र. 'एवढ्याशाने काय होतं' असं म्हणत रोजच्या खाऊत तो जात राहणं, हेच धोक्याचं.

सगळं मिक्सरमधून अगदी बारीक, गंधासारखं वाटायचं. रेषा राहिल्या तर वडी फाटते. तेलाचा हात फिरवलेल्या थाळीत पाऊण सेंटीमीटर जाडीने पसरायचं आणि ढोकळ्याच्या किंवा मोदकाच्या भांड्यात २० ते २५ मिनिटं वाफवायचं. सुरी घालून ती कोरडी आली म्हणून थांबू नका, मधला भाग फोडून बघा, गुलाबी दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सियस व्हायला हवेत. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला असू शकतो आणि गोठवल्याने तो मरत नाही, नुसता निपचित पडतो. 'फ्रीझरमध्ये ठेवलंय म्हणजे जंतू मेले' हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर कच्च्या मांसाचा खाऊ मी करूच देत नाही, कारण तो खाऊ आपल्या बोटांनी हाताळला जातो आणि तीच बोटं पुढे दहा ठिकाणी लागतात.

वडी पूर्ण गार झाली की थाळी झाकून अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये. ही पायरी गाळू नका. अर्धवट गोठलेली वडी सुरीखाली स्वच्छ कापली जाते, नाहीतर चुरा होतो. मग आधी पट्ट्या, पट्ट्यांचे बारीक चौकोन. केवढे? मटारच्या दाण्याएवढे, साधारण ७ मिलिमीटरचे. नवीन लोक हमखास मोठे कापतात, आणि त्यामागे प्रेम असतं हे मला कळतं, पण कुत्रा तुकड्यांचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतो. एका मोठ्या तुकड्यापेक्षा पाच छोटे त्याला जास्त वाटतात.

कापत बसायचा कंटाळा असेल तर सोऱ्या काढा. जाड शेवेची ताटली लावून वाटलेलं मिश्रण बटर पेपरवर लांब धाग्यांसारखं पाडायचं, ८ ते १० मिनिटं वाफवायचं आणि गार झाल्यावर कात्रीने कचाकचा कापायचं. दिवाळीच्या चकल्यांचा सोऱ्या मात्र वेगळा ठेवा. मी ठेवला नव्हता आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोठवताना सगळे तुकडे एकदम पिशवीत कोंबू नका, त्यांचा एक गोळा होतो आणि मग सकाळी ट्रेनिंगच्या आधी बत्त्याने फोडावा लागतो. ताटात बटर पेपर, त्यावर तुकडे एका थरात, सुटे सुटे. दीड-दोन तास फ्रीझरमध्ये. कडक झाले की पिशवीत किंवा डब्यात. आता ते शेंगदाण्यांसारखे सुटे राहतात, हवे तेवढे मूठभर काढता येतात. पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. 'कुत्र्याचं' असंही लिहा. माझ्या नवऱ्याच्या एका मित्राने आमच्या फ्रीझरमधली पिशवी काढून, वड्या तव्यावर परतून चहाबरोबर खाल्ल्या होत्या. तक्रार एकच होती, 'वहिनी, मीठ जरा कमी पडलंय.'

टिकण्याचं म्हणाल तर दोन दारांच्या फ्रीजचा फ्रीझर उणे १८ अंशांवर असतो, त्यात दोन महिने बिनधास्त. त्यानंतर विषारी होत नाही, पण चरबीला खवट वास येऊ लागतो आणि कुत्रा तोंड फिरवतो. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तापमान सहसा एवढं खाली जात नाही, दार उघडझाप झालं की आणखी चढतं. तसा फ्रीज असेल तर दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा. एकदा बाहेर काढून मऊ केलेला खाऊ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस चालतो, परत गोठवायचा नाही.

लाइट जाण्याचा प्रश्न शहरात कमी झाला असला तरी माझ्या सासरी, साताऱ्याकडे, एका मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती आणि आम्ही पुण्यात. परत आलो तोवर सगळं पुन्हा गोठून शहाजोगपणे बसलं होतं. मला काही कळलं नाही, मी खाऊ दिला आणि तीन कुत्र्यांची पोटं बिघडली. तेव्हापासून फ्रीझरमध्ये एक छोटा पेला पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते बर्फाच्या आत बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं असं समजायचं आणि डबा रिकामा करायचा.

आता मोजमाप, कारण घरचा खाऊ म्हणजे कितीही चालतो असं बहुतेकांना वाटतं. रोजच्या एकूण कॅलरींपैकी खाऊतून १० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम. गुंड्या १२ किलोचा आणि अजून वाढतोय, त्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतील. म्हणजे खाऊचे ९०. वर दिलेल्या वडीत ग्रॅमला अंदाजे दीड कॅलरी पडते, तर दिवसाला ६० ग्रॅम ही त्याची मर्यादा. ७ मिलिमीटरचा चौकोन एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास भरतो. तेव्हा ६० ग्रॅमचे जवळपास पावणेदोनशे तुकडे होतात! दिवसभराच्या ट्रेनिंगला एवढे पुरून उरतात. तेच १ सेंटीमीटरचे कापलेत तर फक्त ६० तुकडे. बारीक कापा म्हणून मी एवढी मागे लागते ती यासाठी. वर्षाचा होऊन नसबंदी झाली की त्याची गरज घटेल, तेव्हा हीच मर्यादा ५० ग्रॅमच्या खाली आणा. सकाळी एका वाटीत दिवसाचा वाटा मोजून ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी त्या वाटीतूनच द्यायचं. कारण एरवी बाबा देतात ते कुणी धरत नाही, आणि आजोबा देतात ते कुणाला माहीतच नसतं.

कलेजीबद्दल दोन शब्द. कुत्री तिच्यासाठी वेडी होतात, म्हणून लोक निव्वळ कलेजीच्या वड्या करतात. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते लघवीवाटे निघून न जाता शरीरात साठत जातं. महिनोन् महिने जास्त झालं तर हाडांना आणि सांध्यांना त्रास होतो. त्याच्या कितीतरी आधी जुलाब होतात, ते मी माझ्याच पहिल्या कुत्रीवर शिकले. एकूण मांसाच्या पाच भागांत एक भाग कलेजी, हे प्रमाण मी कधी ओलांडत नाही.

बाहेर नेताना वाटीतला खाऊ १०-१५ मिनिटं आधी काढा. एवढे बारीक तुकडे तेवढ्यात मऊ होतात. मऊ होताना पाणी सुटतं, म्हणून पाऊचमध्ये तळाला कागदी रुमालाची घडी. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर तासाभरानंतर उरलेलं टाकून द्यायचं. एप्रिल-मे मध्ये विदर्भात किंवा पुण्यातही दुपारी तासभर म्हणजे खूप झालं. मी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून झोळीत खाऊच्या डब्याला टेकवून ठेवते, आणि पाऊचमध्ये एका वेळी मूठभरच घेते. पाऊच रोज धुवायचा. त्याचा वास तुम्हाला येईनासा होतो, पण लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना येत असतो.

आता आईंचा मुद्दा. मी कितीतरी शाकाहारी घरांत काम केलंय आणि तिथली कुत्रीही उत्तम शिकलीत, तेव्हा हे अडून बसण्यासारखं नाही. १०० ग्रॅम मीठ नसलेलं पनीर कुस्करून, १५० ग्रॅम उकडलेला लाल भोपळा पाणी निथळून, ८० ग्रॅम नाचणीचं पीठ, लागलं तर चमचाभर दही. मळून थाळीत थापायचं, २० मिनिटं वाफवायचं, पुढचं सगळं वरच्यासारखंच. वास चिकनच्या मानाने सौम्य, म्हणून घरात आणि गच्चीवर चांगली चालते, रस्त्यावर कमी पडते. आणि शाकाहारी म्हणजे हलकी असं समजू नका. पनीर आणि पिठामुळे हिच्यात ग्रॅमला पावणेदोन कॅलरी पडतात, म्हणजे गुंड्याला ५० ग्रॅमच. नुसत्या पनीरचे तुकडे गोठवायच्या फंदात पडू नका, मऊ झाल्यावर ते रवाळ होऊन बोटांत चुरतात. पनीर ताजंच कापून द्या. उकडलेल्या गाजराचं उलट होतं. घरच्या फ्रीझरमध्ये ते हळूहळू गोठतं, बर्फाचे मोठे स्फटिक त्याच्या पेशी फोडतात आणि मऊ झाल्यावर ते लिबलिबीत होतं. माणसाला नको वाटतं, कुत्र्याला तेच आवडतं, कारण चावावं लागत नाही.

फ्रीझरमध्ये चिकन आईंना पटत नसेल, पण बाहेरच्यासाठी उग्र वासाचं काहीतरी हवंच असेल, तर त्यांच्याशी तडजोड म्हणून एक बंद डबा आणि त्याभोवती दुसरी पिशवी, एवढ्यावर बऱ्याच घरांत निभावतं. नाही निभावलं तर जवळच्या मांसाहारी मित्राच्या फ्रीझरमध्ये एक कप्पा मागून घ्या. हे मी गमतीने सांगत नाही, माझ्याकडच्या दोन कुटुंबांचा खाऊ वर्षभर शेजाऱ्यांकडे होता. कोकणातल्या काही घरांत बांगडा उकडून, काटे पुन्हा पुन्हा तपासून वडीत घालतात. वासाला त्याच्यापुढे काही नाही. सुकट किंवा सुका जवळा घालायचा तर चव घेऊन बघा, खारवलेला असेल तर नको, आणि वाळू जाईपर्यंत धुवा.

काय घालू नये ते आपल्या स्वयंपाकघराच्या हिशेबाने सांगते, कारण परदेशी याद्यांत आपले पदार्थ नसतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे बंद, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि कुठल्या कुत्र्याला किती चालतील ते सांगता येत नाही. यामागे द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल असावं असा पशुवैद्यांचा अलीकडचा अंदाज आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा आमटीतलं चिकन 'धुऊन' देऊ नका. उरलेलं श्रीखंड नको, त्यात साखर आणि जायफळ. चॉकलेट नको हे आता सगळ्यांना माहीत आहे. 'शुगर-फ्री' लिहिलेलं काहीही, विशेषतः पीनट बटर, घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल दिसलं तर ते घरातच आणू नका. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्या-एक तासात कोसळू शकते आणि नंतर यकृतावर घाव बसतो. त्यापेक्षा घरी भाजलेल्या, मीठ नसलेल्या शेंगदाण्यांचा कूट मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा, झालं पीनट बटर. दाणे निवडून घ्या, काळे पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे फेका, बुरशीचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही.

तुमच्या चिकनच्या पाण्याकडे येते. ते आपल्या जेवणाच्या रश्शातून काढलेलं नसेल, फक्त चिकन आणि पाणी असेल, तर छान आहे. कुकरमध्ये हाडांसकट शिजवलं असेल तर गाळून हाडं लगेच कचऱ्यात टाका, शिजलेलं हाड अणकुचीदार फुटतं. पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर चरबीची साय जमते, ती काढून टाका. एकदम जास्त चरबी पोटात गेली तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं वाईट असतं.

या पाण्याचं काही मऊ करायचं असेल तर चायना ग्रास वापरून बघा. त्याची खळ खोलीच्या तापमानाला घट्ट होते आणि उन्हातही वितळत नाही, म्हणून पाऊचमध्ये टिकते. मात्र ती फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. गोठून सुटली की तिच्यातलं पाणी वेगळं होतं आणि हातात स्पंज राहतो. खालच्या कप्प्यात, तीन दिवसांत संपवायची.

आता दुसरा डबा, गोठलेलाच द्यायचा तो. दही जवळपास सगळं पाणीच असतं, म्हणून ट्रेमध्ये ते दगडासारखं होतं. तेच दही फडक्यात बांधून चक्का केलात तर पाणी जातं, दुधातली साखरही बरीच निथळते (पूर्ण वाढलेल्या बऱ्याच कुत्र्यांना ती नीट पचत नाही), आणि गोठल्यावर ते कुल्फीसारखं खरवडता येतं. १०० ग्रॅम चक्का, ५० ग्रॅम भोपळ्याचा गर, चमचाभर दाण्यांचं लोणी. दाण्यांच्या तेलामुळे ते आणखी मऊ गोठतं. हे रबराच्या पोकळ खेळण्यात भरा किंवा खाचा असलेल्या चाटायच्या मॅटवर पातळ थर देऊन गोठवा. स्टीलच्या वाटीत गोठवलंत तर लगेच देऊ नका, ओली जीभ थंड धातूला चिकटते. पाच-सात मिनिटं बाहेर राहू द्या. कुल्फीचे साचे चालतात, पण त्यात काडी अजिबात नको.

हे खेळणं आज्ञेचं बक्षीस म्हणून द्यायचं नाही. गुंड्याची चटई एका कोपऱ्यात टाका, त्यावर तो गेला की खेळणं चटईवर ठेवा आणि तुम्ही जवळच काहीतरी वाचत बसा. तो घेऊन उठला तर ओरडायचं नाही, शांतपणे परत चटईवर आणायचं. सोयीसाठी खेळण्याला दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवली तरी चालते, तुम्ही समोर असेपर्यंत. चाटण्याने कुत्री निवतात. पाहुणे आले, कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, फटाके लागले की ही चटई कामाला येते. कोपऱ्यात बसून, पंजात धरून, जग विसरून चाटणं हा आज तुम्हाला जो दोष वाटतोय, त्याचीच इथे गरज आहे. फक्त याच्याही कॅलरी ९० मध्येच धरायच्या, नाहीतर दोन महिन्यांत गुंड्या नावाप्रमाणे गोल होईल.

बर्फाने कुत्र्याचं पोट फुगतं असं कुणीतरी सांगेल. बर्फाचा तसा दोष नाही. खूप धावून आल्यावर घटाघटा भरपूर पाणी पिणं किंवा एकदम पोटभर खाणं यापासून खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना जपावं लागतं. पण ऊन लागलेल्या कुत्र्याला गोठलेला खाऊ देऊन 'गार' करायला जाऊ नका. तो थांबता न थांबता धापा टाकतोय, लाळ चिकट झालीय, लडखडतोय, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. तेव्हा तोंडात काही घालायचं नाही.

आणि एक, कुठलाही नवीन पदार्थ पहिल्या दिवशी चार-पाच तुकडेच. शी दोन दिवस बघा. चिकनने खाज सुटणारी कुत्री असतात, म्हणून चिकन आणि मासे एकाच आठवड्यात सुरू करू नका, काय बाधलं ते कळत नाही. मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजार असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. गुंड्याला तसं काही नाही असं धरून चालते.

या रविवारी अर्ध्या मापाने वड्या करा, पूर्ण नको, पहिली खेप बहुतेक फसते. सोमवारी सकाळी, त्याने नाश्ता करायच्या आधी, २० मऊ तुकडे घेऊन हॉलमध्ये उभे राहा. 'बस', तुकडा, एक पाऊल मागे, 'ये', तुकडा. २० संपले की थांबा, त्याला अजून हवे असतानाच. दोन मिनिटंही लागणार नाहीत. तुकडा घेऊन तो अजूनही कोपऱ्यात पळाला, तर तुकडे मोठे झालेत किंवा आतून गोठलेले आहेत. एक स्वतः दाताखाली धरून बघा, मीठ नसलं तरी वाईट लागत नाही.